चढवलेली दोरी

“काका, जपून हं. खांदा निखळेल,” बेकरीवाली म्हणाली.

शिंपीकाकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. व्यायामशाळेच्या मधोमध ते आपल्या मुलाचं धनुष्य धरून उभे होते. धनुष्य त्यांच्यापेक्षा वीतभर उंच होतं. आसपासच्या गावांतून आपापली धनुष्यं घेऊन आलेली मंडळी भिंतीला टेकून बघत होती. काकांची बायको कोपऱ्यातल्या बाकावर बसली होती, ओठ घट्ट मिटून.

आज मंडळ सुरू व्हायचं होतं. जड धनुष्यांचं मंडळ. जुन्या पद्धतीची, एकाच लाकडातून तासलेली, ओढणाऱ्याचा घाम काढणारी धनुष्यं. कल्पना मुलाची. नियमही त्याचाच: माझं धनुष्य जो कानापर्यंत ओढेल, तो सभासद, बाकीच्यांनी बघायला खुशाल यावं. गेल्या वर्षी पहिल्या बैठकीच्या सकाळी त्यानं धनुष्याला दोरी चढवली, ते दाराशी टेकवून ठेवलं आणि मंडळींसाठी काहीतरी खायला आणतो म्हणून मोटरसायकल काढली. मोटरसायकल टेम्पोत घालून परत आली. तो आला नाही.

काकांनी धनुष्य होतं तसं आतल्या खोलीत टांगलं. त्या खोलीत मग कुणाला पाऊल टाकू दिलं नाही.

मुलगा हयात असताना त्यांनी ते एकदाच ओढून पाहिलं होतं. दोरी जेमतेम चार बोटं हलली होती. “बाबा, हे काजं-बटणं करण्याचं काम नव्हे,” मुलगा म्हणाला होता आणि दोघंही पोट धरून हसले होते. पण आता मुलाच्या मंडळात बापाला जागा नसावी, हे काकांना सोसवेना. दुकान बंद झालं की ते मागच्या दारी पाण्याच्या बादल्या उचलत. कडीला रबरी नळी बांधून छातीपर्यंत ओढत. बायको म्हणायची, “या वयात हे काय खूळ!” आणि तेल घेऊन पाठ चोळायला बसायची. धनुष्याला मात्र हात लावायचा तो थेट बैठकीच्या दिवशीच, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

काकांनी श्वास घेतला. डोळे मिटले. ओढलं.

दोरी हनुवटीपाशी आली. गालापाशी आली. कानाला टेकली.

मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की छपराखालची कबुतरं उडाली. काकांनी दोरी सावकाश पुढे सोडली. बायको उठून उभी राहिली होती. “ओढलंत की हो!” ती म्हणाली. वर्षभरात पहिल्यांदाच ती हसत होती.

आता बेकरीवालीची पाळी. पीठ मळून मळून तिचे दंड पैलवानासारखे झाले होते. मुलाखेरीज ते धनुष्य पुरतं ओढलेली ती एकटीच. तिनं दोरी जराशी ओढली आणि तिथंच थांबली. तिचा चेहरा उतरला.

“काका,” ती हळूच म्हणाली, “याची दोरी कधी उतरवली होती?”

“छे गं! त्याच्या हातची आहे ती. मी कशी काढीन?” काका अभिमानानं म्हणाले.

तिनं भिंतीशी उभ्या असलेल्या बसड्रायव्हरकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली. भिंतीजवळचं बोलणं एकाएकी थांबलं.

मग बेकरीवालीनं पुन्हा ओढलं. दोरी निम्म्यावर आली आणि तिनं धनुष्य खाली केलं. “नाही बाई. आज अंगात जोरच नाही.”

बसड्रायव्हर आला. आडदांड गडी, दारातून आत येताना तिरका होणारा. त्यानं दात-ओठ खाल्ले, चेहरा लालबुंद केला आणि निम्म्यावरच सोडून दिलं. “काका, काय खाता हो? आम्हाला तरी सांगा!” सगळे हसले. जरा जास्तच मोठ्यानं हसले. तिसरा आला, त्यालाही जमलं नाही. चौथ्यानं तर नुसता हात लावून कान पकडले. “यंदा सभासद तुम्ही एकटेच,” बसड्रायव्हर म्हणाला.

बायकोनं अभिमानानं काकांकडे पाहिलं. काका बसड्रायव्हरच्या पाठीकडे बघत होते. तो सदरा त्यांनीच शिवलेला होता. खरा जोर लावला असता, तर खांद्याची शिवण ताणली गेली असती. ती हललीही नव्हती.

“दोरी उतरवायची असते का गं?” त्यांनी बेकरीवालीला बाजूला घेऊन विचारलं.

“लाकूड आहे ना, काका. वाकवून ठेवलं की वाकायलाच शिकतं. त्याचा जोर जातो.”

“परत येतो?”

तिनं नकारार्थी मान हलवली.

मुलगा रोज संध्याकाळी दोरी उतरवायचा, हे काकांनी शेकडो वेळा पाहिलं होतं. त्यांना ती त्याची टापटीप वाटायची. इलॅस्टिक ताणून ठेवू नका, सैल पडेल, असं गिऱ्हाइकांना बजावण्यात त्यांचा जन्म गेला होता.

ते सगळ्यांकडे वळले. “उगाच नाटकं नकोत, पोरांनो,” ते म्हणाले. “एकट्याचं मंडळ होत नाही. आपापली धनुष्यं काढा आणि ती ओढा. मंडळ आजच सुरू झालं पाहिजे. मी बघायला बसतो.”

ते बायकोशेजारी जाऊन बसले. धनुष्याचं एक टोक त्यांनी पायाशी दाबलं आणि दोरीचं वरचं टोक बोटांनी सरकवायला लागले.

“अहो, राहू द्या ना,” बायको घाबरून म्हणाली. “त्यानं चढवलीय ती.”

“तो असता, तर त्याच संध्याकाळी उतरवली असती गं त्यानं.”

दोरी सुटली आणि त्यांच्या मांडीवर पडली. धनुष्य मात्र सरळ झालं नाही.