प्रेमकवींची सीलबंद पेटी

राष्ट्रीय ग्रंथालयाच्या विशेष संग्रहात एका थोर प्रेमकवींची सीलबंद पेटी होती. तिच्यावर त्यांच्याच अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली: ‘पत्नीच्या निधनानंतरच उघडावी.’ आत कुणा दुसरीची पत्रं आहेत, याबद्दल तमाम अभ्यासकांचं एकमत होतं. म्हणून विभागाची नवी ग्रंथपाल दर एक तारखेला कवींच्या पत्नीला फोन करून प्रेमाने तब्येत विचारायची. पेटीच्या फाईलमध्ये त्यासाठी रकानाच होता.

एक दिवस काठी टेकत आजी स्वतःच विभागात हजर. वय वर्षं एक्याण्णव.

“तूच ना गं ती? माझी सूनसुद्धा इतकी चौकशी करत नाही.”

ग्रंथपालला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “आजी, खरं सांगू? ते फोन...”

“मी गेले का, हे बघायला करतेस. ठाऊक आहे. कर हो, नोकरी आहे तुझी.” आजी खुर्चीत टेकल्या. “पण यंदा ह्यांची जन्मशताब्दी. तुमचे साहेब घरी आले होते, पेटी आत्ताच उघडू द्या म्हणून सही मागायला. मी नाही दिली. तूही उघडू देऊ नकोस, बाई.”

“कळतं मला. तुम्हाला किती त्रास होईल.”

“मला कसला त्रास? सील लागायच्या आधीच मी आत डोकावले होते.” आजी तिच्या कानाशी वाकल्या. “रिकामी आहे गं. ह्यांना कोण पत्र लिहिणार! उघडली तर बिचाऱ्यांची अब्रू जाईल, म्हणून तर मी मरायचं लांबणीवर टाकतेय.”