रडती क्लॅरोनेट

तिसरी शाल खांद्यावर पडली तेव्हा मनसारामभाऊंना उकडायला लागलं. मंडपात माणसांची खेचाखेच होती आणि सत्काराची शाल काढून कधी ठेवायची असते, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. चाळीस वर्षं ते झाडीपट्टीच्या नाटकांत रंगमंचापुढच्या खड्ड्यात, म्हणजे पिटात, प्रेक्षकांकडे पाठ करून बसले होते. लोकांकडे तोंड करून बसायची ही पहिलीच खेप. सिंदेवाहीकडच्या या गावात दुपारी बैलांच्या शर्यतीचा शंकरपट झाला होता, थोड्या वेळात नाटक उभं राहणार होतं, आणि मधल्या वेळात गावकऱ्यांनी व कंपनीच्या वादकांनी मिळून त्यांचा सत्कार मांडला होता.

हार झाले, नारळ झाले, कोणी ऐकत नसलेली भाषणं झाली. मग धुरपताबाई माईकपुढे आल्या. रोवणी-कापणीत हात खरखरीत झालेली ही म्हातारी पंचक्रोशीतलं एक नाटक चुकवत नसे.

"पहिले तुमी गोड वाजवत होते, भाऊ," त्या म्हणाल्या. "पण मैनाबाई गेली तवापासून तुमची क्लॅरोनेट रडते. माह्या मालकाच्या मयतीत मी रडली नसन, तेवढी तुमच्या वाजवण्यानं रडली."

मंडपानं टाळ्या वाजवल्या. मनसारामभाऊंनी मान खाली घातली. दोन हंगाम ते हेच ऐकत आले होते, आणि खरं सांगायचं तर त्यावरच जगत होते. बायको गेली आणि घर खायला उठलं. घरी त्यांना क्लॅरोनेट पेटीतून काढवेना, कारण वाजवायला बसलं की चुलीपुढून मैना हमखास काहीतरी टोमणा मारायची, आणि आता तो येणार नव्हता. पुढचे दात पडले होते. कानही मंदावले होते. पण पिटात शेजारीच भोंगा असायचा. त्यातून क्लॅरोनेट लख्ख ऐकू यायची आणि मरणाच्या प्रवेशात तिचा असा सूर लागायचा की त्यांच्याच अंगावर काटा यायचा. आयुष्यात कधी आपण इतकं चांगलं वाजवलं नाही, हे त्यांना कळत होतं. मैना कुठे गेली नाही, आपल्या सुरात येऊन बसली आहे, असं म्हाताऱ्यानं मनाशी पक्कं करून टाकलं होतं.

कंपनीच्या मालकांनी जाहीर केलं, की पुढच्या हंगामातही पिटात भाऊच बसतील. लोक आणखी खूश झाले. "भाऊ, तोच रडका सूर एकदा होऊ द्या," मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळा मंडप तेच म्हणू लागला.

पिटात तबल्यावरच्या चैतूनं सुरेंद्रकडे पाहिलं. कीबोर्डातून हवा तो बाजा काढणारा सुरेंद्र लगबगीनं पुढे सरकला आणि त्यानं पट्ट्यांवर बोटं ठेवली. ते पाहून मनसारामभाऊंना भरून आलं. पोरगा मिसरूड फुटायच्या आधीपासून त्यांच्या शेजारी बसत होता, आणि आज एकही शाल त्याच्या वाट्याला आली नव्हती.

"सुरेंद्र, वर ये," ते म्हणाले.

"मी इथीच बरा हाव, भाऊ. साथ कोण करन?"

"आज साथ नोको. ये म्हणतो ना."

सुरेंद्र उठेना. शेवटी लोकांनीच दंडाला धरून त्याला वर चढवलं. मनसारामभाऊंनी आपल्या अंगावरची शाल काढून त्याच्या अंगावर घातली. पिटातल्या वादकांची एक रीत आहे. थोरल्यानं शाल दिली की धाकट्यानं ती पांघरून, हात जोडून, थोरल्याचं वाजवणं संपेपर्यंत शेजारी उभं राहायचं. सुरेंद्रनं हात जोडले. त्याचा चेहरा उतरला होता.

मनसारामभाऊंनी क्लॅरोनेट ओठांना लावली, डोळे मिटले आणि फुंकर घातली. बोटं जिथल्या तिथे पडत होती. भोंग्यातून नुसता वारा आला, मग एक चिरका आवाज, मग पुन्हा वारा. त्यांनी ओठ ओले केले, छाती भरून दम घेतला आणि परत फुंकलं. वाराच आला.

लोकांना वाटलं, बायकोच्या आठवणीनं म्हाताऱ्याचा गळा दाटला. धुरपताबाईंनी डोळ्यांना पदर लावला. कोणीतरी टाळी वाजवली आणि सगळा मंडप टाळ्यांनी दणाणून गेला.

मनसारामभाऊंनी खाली पिटाकडे पाहिलं. तिथे कोणालाच नवल वाटलेलं नव्हतं. सगळे माना खाली घालून बसले होते. सुरेंद्रचा कीबोर्ड रिकामा होता.

"माही क्लॅरोनेट तू वाजवून राह्यला होता," ते हळूच म्हणाले. "कवापासून?"

"जाऊ द्या ना, भाऊ."

"सांग."

सुरेंद्रचे हात अजून जोडलेलेच होते.

"बाई गेल्यावर तुमी पहिल्यांदा पिटात बसले," तो म्हणाला, "त्या दिवसापासून."