उलट्या धारेचा चाकू

“हा नमुना माझा हाय, साहेब. ह्या झुंबरने चोरलाय,” देवराम म्हणाला, आणि तेही आलेल्या दोन पाहुण्यांच्या तोंडावर.

झुंबरने हातातला कप बशीत आपटला. पंचवटीच्या त्या बोळात दोघांची दुकानं समोरासमोर होती. दोघंही द्राक्षबागांसाठी कलमाचे चाकू घडवत, आणि कामातून उसंत मिळाली की बसल्या जागेवरून एकमेकांचा उद्धार करत. पण देवरामने बोळ ओलांडून, झुंबरच्याच पायरीवर उभं राहून त्याला चोर म्हणावं, असं आजवर घडलं नव्हतं.

पाहुणे आधी देवरामकडे जाऊन मग इकडे आले होते, तेही झुंबरला खटकलंच होतं. पण माणसं सभ्य दिसत होती. केस बारीक कापलेले, पायात तांबडे बूट. थोरल्याने मोबाइलवर एक फोटो दाखवला होता. पांढऱ्या कागदावर चाकू, शेजारी मोजपट्टी. अदबीने विचारलं होतं, “काका, ही बनावट कुणाची म्हणायची?”

पेपरवाले! झुंबरने मनाशी ताडलं. मागच्याच आठवड्यात देवरामचा फोटो छापून आला होता, ‘कलम चाकूचा जनक’ म्हणून. तेव्हापासून झुंबरला अन्न गोड लागत नव्हतं. आयुष्यभर भट्टीपुढे बसून कमावलेलं नाव कुणीतरी दोन बोटांच्या चौकटीत घालून समोरच्याला देऊन टाकलं होतं. ते परत मिळवायची संधी आज स्वतःच्या पायांनी चालत आली होती. ती कुठून आली, हे विचारायचं त्याला सुचलंच नाही.

“ह्याचं काही ऐकू नका,” तो म्हणाला. “झुंबर छाप म्हणजे काय चीज हाय, ते निफाडच्या कुठल्याही बागेत विचारा. माझ्या चाकूने कापलेल्या काडीला तिसऱ्या दिवशी कळतं, आपण कापलो गेलो म्हणून! एका बागायतदाराने रात्री चाकू टेबलावर ठेवला. सकाळी उठून बघतो, तर टेबलाचे दोन पाट!”

धाकटा हसला. थोरला हसला नाही.

“कसलं टेबल नि कसलं काय!” देवराम घाईघाईने म्हणाला. “फोटोत नीट बघा साहेब. धार उलट्या अंगाला हाय. हे काय कारागिराचं काम झालं? माझाच बिघडलेला माल हाय तो. असला नासका माल मी पिंपळगावच्या बाजारात पाटी भरून काढतो. कुणी नेला, कुठं गेला, कोण ध्यानात ठेवतो?”

नासका! चोर म्हटलेलं झुंबरने एक वेळ गिळलंही असतं. पण हा शब्द घशाखाली उतरेना. हा माणूस होताच तसा. झुंबरचा महेश लहान असताना लिमलेटच्या गोळ्या देऊन ह्यानेच त्याला आपल्या दुकानी नादी लावलं होतं. पोरगा अजून त्याला ‘देवाकाका’ म्हणायचा. आधी पोरगा, मग नमुना, आणि आता धारसुद्धा!

झुंबरने फळीवरचा एक चाकू उचलला आणि थोरल्याच्या डोळ्यांपुढे धरला.

“हे बघा. कलमाच्या चाकूला धार एकाच अंगाने असते. उजव्या हाताने कापणाऱ्याला ह्या अंगाने. आणि डावखुऱ्याला? त्या अंगाने! तुमच्या फोटोतली धार चुकलेली नाय, साहेब. मुद्दाम लावलीय ती. उभ्या जिल्ह्यात अशी धार लावणारा मी एकटा. आणि तसा चाकू जन्मात एकच घडवलाय.”

“झुंबर, गप बस,” देवराम म्हणाला. त्याचा आवाज चिरकला.

“का? हरलास म्हणून?”

“एकच?” थोरल्याने विचारलं. “कुणासाठी?”

“आमच्या महेशसाठी. डावखुरा हाय तो, निफाडच्या बागांत कलमं करतो. काय जपतो त्या चाकूला! दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाय. त्यानेच बागेत कुणाला तरी दाखवला असणार, त्याशिवाय फोटो कुठून यायचा? विचारा हवं तर त्याला. वर माडीवर झोपलाय. काल निफाडहून आला, तो जेवलासुद्धा नाय.”

थोरल्याने मोबाइल खिशात घातला. धाकटा उठला आणि माडीच्या जिन्याशी जाऊन उभा राहिला. बोळाच्या तोंडाशी एक गाडी सुरू झाली आणि मागे मागे येत दुकानाच्या दारात थांबली.

महेशचाही फोटो काढतायत वाटतं! झुंबरची छाती फुगली. त्याने स्वतःच्या सदऱ्याची बटणं लावली, जिन्याकडे तोंड केलं आणि हाक मारली, “महेश, ऊठ रे! चांगला शर्ट घाल, तुला बघायला माणसं आलीत!”

मग तो सावकाश देवरामकडे वळला. हा क्षण त्याला घाईत संपवायचा नव्हता. देवराम पायरीवर मटकन खाली बसला होता.

“बोल की आता,” झुंबर म्हणाला. “सांग साहेबांना, कुणाचा चाकू?”

देवरामने मान वर केली नाही.

“निफाडला माणूस मेलाय त्या चाकूने,” तो म्हणाला. “मी म्हणत होतो ना रे, माझा हाय म्हणून.”