फाट्यावरचा म्हसोबा

चुन्याची फक्की रंगुबाईच्या हॉटेलात चुलीपुढून आत शिरली आणि छपराच्या मागच्या मेढीपाशी बाहेर पडली. ओव्हरसियर राधाकृष्ण हात झटकत म्हणाला, "एवढं सगळं रस्त्यात जाणार, मावशी. आठवड्याच्या आत पत्रे उतरवून घ्या."

"आन मी कुठं जाऊ?"

"ते मला विचारू नका."

माणूस वाईट नव्हता. बोलता बोलता त्याने भज्यांची दुसरी बशी मागितली, चटणी जास्त घालून.

नगर-औरंगाबाद रस्ता जुना. बादशाही फौजा त्याच्यावरून गेल्या, मग गोऱ्यांच्या पलटणी गेल्या, आता ट्रक जात होते. दोन्ही अंगांना वडांची अशी सावली, की चहाला थांबलेला ड्रायव्हर उठायचं नाव घेत नसे. नवरा भिमाजी वारल्यापासून रंगुबाईचं पोट त्या सावलीवर चाललं होतं. शेत नव्हतं, हॉटेलाची जागा सरकारी, भरपाई कुणी देणार नव्हतं. त्यात बहात्तरचा दुष्काळ. फाट्यावरची धडधाकट माणसं झाडून सारी रस्ता रुंद करायच्या कामावर खडी फोडत होती.

रस्त्याच्या पलीकडे, बरोबर समोर, लंकाबाईची खोली होती. दोघी एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन आलेल्या. लंकाबाईचा नवरा ऊस तोडायला कोपरगावकडे गेला आणि तिकडेच दुसरं घर करून बसला. ती बांगड्या विकून राहत होती. एकीची चूल पेटली की दुसरी विस्तव न्यायला येई. रंगुबाईच्या वरवंट्याचा टवका उडाला तेव्हा तिने लंकाबाईचा आणला, तो हॉटेलातच राहिला. तिची चटणी लोण्यासारखी उतरते असं ड्रायव्हर म्हणत, ते त्यामुळेच.

"माझ्याकडं ये ऱ्हायला," लंकाबाई त्या दिवशी म्हणाली. "दोन बायकांना कितीशी जागा लागती? तू घोरतीस, तेवढं सोसंन मी."

रंगुबाईला हसू आलं नाही. "ऱ्हायला येईन गं. हाटेल कुठं मांडू? तुझ्या उखळात?"

दोन दिवसांनी पत्रे काढायचे म्हणून रंगुबाईने मागची मेढ उकरायला घेतली, आणि तिची आरोळी खडीवरच्या बायांपर्यंत गेली. सगळे धावले. मेढीच्या बुडाशी काळा, गुळगुळीत दगड उभा होता. रंगुबाईने त्याच्यापुढे लोटांगण घातलं होतं.

"सपनात येत हुता," ती म्हणाली. "मला मोकळं कर म्हनायचा. मला काय ठावं, ह्यो माझ्याच पायाखाली हाय!"

गावातले जाणते कारभारीनाना गुडघ्यांवर हात ठेवून वाकले. बराच वेळ त्यांनी दगड न्याहाळला. "म्हसोबा हाय," ते म्हणाले.

मग काय, शेंदूर आला, तेल आलं, नारळ फुटला. लंकाबाई गर्दीतून पुढे झाली. तिने देवाच्या अंगावरून सावकाश हात फिरवला, एकदा रंगुबाईकडे बघितलं आणि डोकं टेकलं.

दुसऱ्या सकाळी मजुरांनी कुदळी खाली ठेवल्या. राधाकृष्ण ओरडला, हजेरी कापायची धमकी दिली. एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "सायेब, पयली कुदळ तुमी मारा. मंग आमी हायच."

साहेबाने कुदळ उचलली नाही. संध्याकाळपर्यंत अलीकडची फक्की पुसली गेली आणि पलीकडे नवी पडली. ती लंकाबाईच्या उंबऱ्यावरून गेली.

खोली पाडायला अर्धा दिवसही लागला नाही. लंकाबाई रडली नाही. बांगड्यांची पेटी काखेत, पाटा डोक्यावर, अशी ती रस्ता ओलांडून हॉटेलाच्या दारात आली.

"माझा वरवंटा दे, रंगू. नुस्ता पाटा काय करू?"

रंगुबाई कपबशा विसळत होती. तिने वर बघितलं नाही. "अगं, फुटला गं तो. मागंच फेकला. घोडेगावच्या बाजारातनं नवा आनून देते तुला."

"फुटला?"

"व्हय."

"बरं," लंकाबाई म्हणाली, आणि तरीही उभी राहिली. 'ऱ्हा माझ्याकडं' हे शब्द रंगुबाईच्या ओठांशी आले होते. पण गिऱ्हाइकं खोळंबली होती, आणि आता नारळाची पोती ठेवायलाच जागा पुरत नव्हती.

लंकाबाई वडाखाली राहू लागली. देवाच्या पुढ्यात झाडलोट कर, दिव्यात तेल घाल, एवढंच करी. येणारा-जाणारा ट्रकवाला थांबून नाणं टाकू लागला. रंगुबाईने दुसरा स्टोव्ह घेतला. असं सुख तिला भिमाजी असतानाही लाभलं नव्हतं.

चैत्रात देवाची पहिली जत्रा भरली. भर दुपारी डफ वाजत असताना लंकाबाई घुमू लागली. केस सुटले, डोळे फिरले. माणसं मागे सरली.

"माझ्या उशाला चूल कुनाची?" ती किंचाळली. "धुरानं जीव कोंडतोय माझा! मला मोकळं करा म्हनलं हुतं. कुनी मोकळं केलं?"

कारभारीनाना हात जोडून पुढे आले. "चुकलं, देवा. तुझी जागा तुला देतो."

"लंके!" रंगुबाई धावली. "अगं लंके, काय बोलतीस?"

"लंका न्हाई ती," नाना गरजले. "देव बोलतोय. तुझ्याच सपनात आलता ना गं ह्यो?"

रंगुबाईने तोंड उघडलं. सगळं गाव तिच्याकडे बघत होतं. लंकाबाईची खोली पाडणारे पुढेच उभे होते. तिने तोंड मिटलं.

पोरांनी दोरखंड लावले. पत्रे खाली आले, मेढी निघाल्या, पेटती चूल कुणीतरी पहारीने मोडली. राख उडाली आणि लोकांनी देवाच्या नावाचा गजर केला.

गजर ओसरला तशी लंकाबाई खाली कोसळली. "पानी," ती पुटपुटली. कुणी हलेना. रंगुबाईनेच तांब्या भरला, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि पाणी पाजलं. लंकाबाई घटाघटा प्याली. मग डोळे उघडून, रोज विस्तव मागायला येताना असे तशाच आवाजात, तिच्या कानाशी म्हणाली,

"माझा वरवंटा आता मागनार न्हाई मी, रंगू. लई शेंदूर चढलाय त्याच्यावर."