जड नजर

‘शर्ट काढ,’ तांचो आजी म्हणाली.

नोएमी मैदानावरून तशीच धावत आली होती. फुटबॉलचा निळा शर्ट अंगाला चिकटलेला, गुडघे मातीने माखलेले. समोर यानिरा, तिच्या बापाची नवी बायको, तापाने फणफणलेलं पोर खांद्यावर घेऊन येरझारा घालत होती. दारात गल्लीतल्या चार-पाच बायका उभ्या होत्या. आणि या घराकडे मान वळवून बघणार नाही, असं वचन नोएमीने आईला दिलं होतं.

‘सगळ्यांसमोर?’

‘मग काय राणीसरकारांसाठी पडदे लावू? काढ!’

कोणीतरी टॉवेल फेकला. त्याच्या आडून तिने कसाबसा शर्ट काढला. लाजेने तिचे कान तापले होते, पण ही लाज त्यातल्या त्यात सोपी होती.

सकाळी गल्लीभरची दृष्ट काढणाऱ्या या आजीने पोराच्या अंगावरून अंडं फिरवून पाण्याच्या ग्लासात फोडलं, तेव्हा पांढऱ्यात सरळसरळ डोळा उमटला होता. दवाखान्यातलं औषध पोटात जाऊनही ताप हटत नव्हता. बाळ आवडलं की त्याला हात लावायचा, नाहीतर जड नजरेच्या माणसाची दृष्ट लागते आणि मग त्याच माणसाच्या घामाने ती उतरते, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सकाळपासून जो तो येऊन हात लावून गेला होता, घामाचे कपडे देऊन गेला होता. उतरलं काहीच नव्हतं.

नोएमीची नजर जड, हेही सगळ्यांना ठाऊक. तिने शेजारच्या मिरचीच्या रोपाचं कौतुक केलं, तर संध्याकाळपर्यंत त्याने मान टाकली. शाळेत मुली डबा लपवायच्या, ‘बघू नकोस गं बाई, नासेल!’ तिथे तीही हसायची. इथे हसू येत नव्हतं.

‘कुठून पाहिलंस त्याला?’ आजीने विचारलं.

‘कुंपणातून. काल. कोंबडीकडे बघून हसत होता.’

‘मग हात का नाही लावलास?’

‘कसा लावणार?’

बापाने घर सोडलं तेव्हा तो फार लांब गेला नव्हता, याच गल्लीत चार दारं पलीकडे आला होता.

‘आवडला का?’

‘मी सहज पाहिलं.’

‘सहज पाहून लागत नाही, पोरी. रागाने पाहूनही लागत नाही. लागली असती तर तुमच्या घरच्या रागाने इथले पत्रे केव्हाच उडाले असते.’ दारातल्या बायका हसल्या. ‘विचारतेय ते सांग. आवडला?’

नोएमीला आईचा चेहरा आठवला. ‘हो,’ ती जमिनीकडे बघत म्हणाली.

पोराला तिच्या शर्टात गुंडाळलं. ते आणखीच किंचाळायला लागलं. यानिराने वाट पाहिली, कपाळाला हात लावला, पुन्हा वाट पाहिली. मग शर्ट सोडून नोएमीच्या हातात दिला.

‘हिची नाही.’

नोएमी सुटली होती. तरी तिला वाईट वाटलं. एवढी लाज गिळून कबूल केलेलं आवडणं, आणि त्यात तेवढाही दम नव्हता.

‘गल्लीतलं आता राहिलं तरी कोण?’ आजी म्हणाली.

नाव सगळ्यांच्या ओठांवर होतं, घेतलं कोणीच नाही. तेवढ्यात दारातल्या बायका बाजूला झाल्या आणि आई आत आली. कोपऱ्यावर पुपुसा, मक्याच्या सारण भरलेल्या भाकऱ्या, थापून विकायची ती. तव्यापासून तशीच उठून आली होती. कोपरापर्यंत मक्याचं पीठ, ब्लाउज घामाने चिंब.

मेले आता, नोएमीच्या मनात आलं. पण आईने तिच्याकडे पाहिलंच नाही.

‘पोरीला सोडा. तिचा काही संबंध नाही यात.’ मग ती यानिराला म्हणाली, ‘दे इकडे.’

यानिरा पोराला घट्ट धरून मागे सरकली.

‘विचारावं लागतं, रुबिडिया,’ तांचो आजीचा आवाज एकदम खाली आला. ‘आवडला का?’

‘विचारू नका हो, आजी.’

‘विचारल्याशिवाय उतरत नाही, बाई.’

आईने ओठ आवळले. मान वर केली, पुन्हा खाली घातली. बाप गेला त्या दिवशीही नोएमीने तिला मान खाली घालताना पाहिलं नव्हतं.

‘दोरीवर कपडे घालताना दिसतो,’ आई म्हणाली. ‘रोज दिसतो. काय करू, डोळे फोडून घेऊ? आवडला. झालं?’

यानिराने पोर पुढे केलं. आईने ते ओल्या ब्लाउजशी धरलं आणि डोळे मिटून घेतले. पोर आधी ओरडलं, मग मुसमुसलं, मग नुसते हुंदके देत राहिलं. त्याची मूठ हळूहळू सुटली. आजीने कपाळ चाचपून क्रूसाची खूण केली. ‘उतरतोय.’ दारातल्या बायका एरवी तासभर हलल्या नसत्या. आज मुकाट्याने पांगल्या.

पोर झोपलं. यानिराने डोळे पुसले आणि घ्यायला हात पुढे केले.

‘थांब जरा,’ आई डोळे न उघडता म्हणाली. ‘अंग अजून ओलं आहे माझं.’

नोएमी मागे उभी होती. पंखा फिरत होता. आईची पाठ केव्हाच वाळली होती, हातावरच्या पिठाला तडे गेले होते. नोएमीने नजर फरशीकडे वळवली.

यानिरालाही ते दिसलं असावं. तिने पुढे केलेले हात मागे घेतले.