लवूचा नाद

“दहा ठेवया. बाकी सगळ्यो भंगारात,” धोंडू म्हणाला आणि माळ्यावरचा शेवटचा खोका त्यानं ओटीवर ओतला.

कॅसेटचा ढीग झाला. दीडशेच्या वर असतील. सगळ्या लवूच्या. लवू धोंडूचा धाकटा भाऊ. आठ वर्षं परदेशी मालवाहू जहाजावर खलाशी होता, मग देवबागला परतून स्वतःच्या होडीवर जाऊ लागला. गेल्या वर्षी जाळं ओढताना छातीत कळ आली आणि गेला. उद्या त्याचं वर्षश्राद्ध. सगळी वाडी जेवायला येणार होती. फोटोशेजारी लवूच्या आवडीची दहा गाणी पेटीत घालून ठेवावी, असं धोंडूच्या मनात आलं होतं.

लवूचा नाद अख्ख्या देवबागला ठाऊक होता. हेवी मेटल. तो घरी असला की दुपारी चारपासून दिवेलागणीपर्यंत घर गरजायचं. गिटारी किंचाळायच्या, ड्रम बडवले जायचे, कुणीतरी इंग्रजीत जीव खाऊन ओरडायचं. लवू स्वतः खळ्याच्या, म्हणजे पुढच्या अंगणाच्या, टोकाला, माडाखाली जाळी शिवत बसलेला असायचा. शेजारी भांडायला आले की हसून म्हणायचा, “माजो नाद. काय करतलास?” लोक म्हणायचे, ह्याला बोटीवर भूत लागलं. कव्हरांवरच्या कवट्या बघून त्याच्या आईनं, काशीबाईनं, एक दिवस सगळी कव्हरं चुलीत घातली. कॅसेटवरची नावं खाऱ्या हवेनं खाल्ली.

त्यामुळे पूजाची पंचाईत झाली. धोंडूची ही मुलगी कणकवलीच्या कॉलेजात शिकत होती. बापानं सांगितलं म्हणून तिनं सायबर कॅफेतून यादी छापून आणली होती: जगातली सर्वश्रेष्ठ हेवी मेटल गाणी. पण कुठलं गाणं कुठल्या कॅसेटीत, हे कसं कळणार?

“नाव वाच गो,” तुळसा म्हणाली.

तुळसा लवूची बायको. वर्षभरात ती या घरात कामापुरतंच बोलली होती.

पूजानं पहिलं नाव वाचलं. तुळसानं ढिगात हात घातला, एक करडी कॅसेट काढली, पेन्सिल घालून चार फेरे दिले आणि टेपमध्ये सरकवली. तेच गाणं होतं. वर्षभरानं त्या घरात गिटार वाजली आणि कुंपणापलीकडून दोन डोकी वर आली.

दुसरंही तसंच सापडलं. तिसरं तिनं अर्धवट ऐकलं आणि बंद केलं.

“ह्या नको.”

“काकी, ता जगात तिसऱ्या नंबराक आसा.”

“असांदे. मधीच दमता ता.”

पाचवं तिनं ठेवलं. सहावं बाजूला सारलं. “गिटार बरी वाजवता, पण गाणारो खोटो ओरडता. तेका कायच झालेला नाय.” सातव्यापासून तिनं यादी विचारलीच नाही. ढिगातून एकेक कॅसेट ती काढत गेली, ऐकत गेली, मांडीशी रचत गेली. पूजा यादी दुमडून नुसती बघत राहिली. काशीबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

“ऐकान ऐकान पाठ झाला असतला,” धोंडू म्हणाला. दहा कॅसेट त्यानं पेटीत ठेवल्या, मार्कर घेतला आणि झाकणावर लिहायला लागला: कै. लवू यांची आवडती...

“भावजी, ता पुसा.”

“कित्या?”

“ही गाणी तेंच्या आवडीची नाय. माज्या आवडीची.”

धोंडूला आधी नीट ऐकू आलं नाही. टेप चालूच होता. तुळसानं आवाज कमी केला नाही, स्वतःचा चढवला.

“पयली कॅसेट तेंका बोटीवर कोणीतरी दिली. ते तिच्यार भजनां भरूक बघत होते. मी सहज बटण दाबलंय. ह्या घरात इल्यापासून ‘हळू बोल’, इतक्याच माका सगळे सांगत इले. आणि थंय कोणतरी पोटातसून बोंबलत होतो, आणि तेका कोण गप बस म्हणत नाय होता. मगे मीच सांगलंय, परत येताना आणखी हाडा. ह्यो सगळ्यो कॅसेटी मी सांगलंय म्हणान इल्यो.”

कुंपणापलीकडची डोकी हलली नाहीत. धोंडूनं तिकडे पाहिलं आणि स्वतःचा आवाज दाबला.

“उद्या वाडी येतली. काय सांगू तेंका? घरातली विधवा बाई कवट्यांची गाणी ऐकता?”

“तसाच सांगा. आणि भंगारवाल्याक बोलवू नकात. एकव कॅसेट जावची नाय.”

तिनं पेटी उलटी केली. दहाच्या दहा कॅसेट पुन्हा ढिगात मिसळल्या. धोंडूनं आईकडे पाहिलं. काशीबाई काहीतरी बोलणार होती, पण तुळसानं तिच्याकडे सरळ बघितलं तशी ती पदर सावरत आत गेली. पूजा उठली आणि एकेक कॅसेट पुसून खोक्यात भरू लागली.

धोंडूनं झाकणावरचं ‘यांची आवडती’ बोटानं पुसलं आणि तो मार्कर हातात धरून बसला. झाकणावर भावाचं नाव तेवढं राहिलं होतं.

“मगे लवूक ह्यातला खंयचा आवडायचा?” त्यानं विचारलं. आता त्याच्या आवाजात राग नव्हता.

“एकव नाय,” तुळसा म्हणाली. “ते कानात कापूस घालून माडाखाली बसत. कोण भांडूक इलो, की कापूस काढून ‘माजो नाद’ म्हणान सांगत, आणि परत घालत.”