चौथा भाग

"त्या तमिळ वेबसिरीजमध्ये पोलीस तपास झकास दाखवलाय, सार. पण खुनी कोण ते चौथ्याच भागात कळतं. मग पुढे बघण्यासारखं काय उरलं?" शेजारचा सेल्वराज तमिळमधून म्हणाला.

रघुपतींनी मान डोलावली. तरी संध्याकाळी ताट वाढून घेतल्यावर त्यांनी पुन्हा चौथाच भाग लावला. त्यात तो खुनी तंजावरच्या राजवाड्यामागच्या गल्लीतल्या आपल्या घरी दमून परततो आणि स्वयंपाकघरातून त्याची बायको तंजावरी मराठीत विचारते, "जेवलात की?"

बायको अलमेलु गेल्यापासून रघुपतींना मराठीत कुणी काही विचारलं नव्हतं. हातातला घास तसाच धरून ते टीव्हीकडे बघत म्हणाले, "आत्ताच बसलों गे."